ते आठ नियम कोणते?

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ आपण वाचतो, वर्षावासात त्याचे सामुदायिक वाचन करतो. पण त्याची मांडणी मात्र क्वचितच तपासतो. दुसऱ्या खंडाचेच उदाहरण घ्या. त्याच्या सहाव्या भागात समाजाने हीन ठरविलेल्या माणसांच्या दीक्षा येतात. उपाली न्हावी, सुनीत झाडूवाला, सोपाक व सुप्पिय हे अस्पृश्य, महारोगी सुप्रबुद्ध. आठव्या भागात पतित आणि गुन्हेगार येतात. अंगुलिमाल तेथे भेटतो. या दोहोंच्या मध्ये जो सातवा भाग आहे तो स्त्रियांच्या दीक्षेचा, आणि त्यात दोनच प्रकरणे आहेत. पहिले महाप्रजापती गौतमी, यशोधरा व त्यांच्या सोबतच्या स्त्रियांचे. दुसरे प्रकृती नावाच्या चांडालिकेचे. प्रकृतीला सहाव्या भागात, सोपाक-सुप्पियांच्या शेजारी बसविणे सहज शक्य होते. बाबासाहेबांनी तसे केले नाही. राजघराण्यातली गौतमी आणि चांडालिका प्रकृती यांना त्यांनी एका मथळ्याखाली आणले. स्त्रीचा प्रश्न हा जातीच्या प्रश्नाचा पोटभाग नव्हे, त्याला स्वतःचे प्रकरण लागते, हे त्यांनी अनुक्रमणिकेतच सांगून टाकले आहे. आपल्या चळवळीने ही अनुक्रमणिका वाचली आहे काय, असा माझा प्रश्न आहे.

आता या भागातले पहिले प्रकरण मूळ पाली कथेशेजारी ठेवून पाहू. विनयपिटकातील चुल्लवग्गात ही कथा येते. कपिलवस्तूला महाप्रजापती तीन वेळा प्रव्रज्या मागते, तीनही वेळा नकार मिळतो. मग ती केस कापते, काषाय वस्त्रे धारण करते आणि शाक्य स्त्रियांना घेऊन पायी वैशालीला जाते. सुजलेले पाय, धुळीने माखलेले अंग, डोळ्यांत पाणी, अशी ती दाराबाहेर उभी असताना आनंद तिला पाहतो व तिच्या वतीने रदबदली करतो. बुद्ध त्यालाही नकार देतात. तेव्हा आनंद प्रश्न फिरवून विचारतो : स्त्रीला धम्माची अंतिम फळे प्राप्त होऊ शकतात की नाही? होऊ शकतात, असे उत्तर मिळते. मग परवानगी मिळते, पण आठ गुरुधर्मांच्या अटीवर. आणि त्यानंतर ते कुप्रसिद्ध भाकीत येते की, हजार वर्षे टिकणारा सद्धम्म आता पाचशेच वर्षे टिकेल. स्त्रियांच्या प्रवेशाला तेथे पिकावरच्या रोगाची उपमा दिली आहे. एक रोग भाताच्या शेतावरचा, दुसरा उसाच्या मळ्यावरचा. आठ नियमांना उपमा दिली आहे ती पाणी वाहून जाऊ नये म्हणून तळ्याला घातलेल्या बांधाची.

बाबासाहेबांनी या कथेचे काय केले? त्यांच्या आनंदाच्या तोंडी एक नवाच युक्तिवाद आहे. शूद्र आणि स्त्रिया अपवित्र म्हणून ब्राह्मण त्यांना परिव्रज्या नाकारतात. तथागतांनी शूद्राला तर संघात घेतले, मग स्त्रीला वेगळा न्याय का? त्यावर बुद्ध स्पष्ट करतात की, स्त्री-पुरुष विषमता आपल्याला मान्य नाही, नकाराचे कारण केवळ व्यावहारिक आहे. व्यावहारिक अडचणीपायी धम्मावर विषमतेचा आरोप ओढवून घ्यावा काय, असे आनंद पुन्हा विचारतो, तेव्हा संमती मिळते. भाकीत गाळले आहे. रोगाची उपमा गाळली आहे. आणि आठ नियमांचा उल्लेख ठेवला असला तरी ते नियम कोणते हे सांगितलेले नाही. महाप्रजापतीने ते पाळण्याची जबाबदारी घेतली, एवढेच येते.

ग्रंथकाराने काय लिहिले यावर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. त्याने काय लिहिले नाही याकडे समीक्षकाने पाहावयाचे असते. परंतु या ठिकाणी माझे लक्ष वेधले ते समीक्षेच्या अभ्यासाने नव्हे. राहुरी तालुक्यातील एका वस्तीवरच्या विहारात वर्षावासाचे वाचन चालू होते. वाचणारे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक; समोर पंचवीस-तीस बाया पांढऱ्या साड्यांत, आणि भिंतीला टेकून सहा-सात पुरुष. हे प्रमाण सर्वत्र असेच असते. महाप्रजापतीचे प्रकरण संपताच मागून एका बाईने विचारले, ‘गुरुजी, पण ते आठ नियम कोणते हो?’ गुरुजींनी पान मागे उलटले, पुढे उलटले, आणि प्रामाणिकपणे सांगितले की पुस्तकात दिलेले नाहीत. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘मॅडमना विचारू.’

पुढच्या वाचनाला मी ते नियम सांगितले. शंभर वर्षांची दीक्षा झालेल्या भिक्षुणीनेही आजच उपसंपदा मिळालेल्या भिक्षूला उठून वंदन करावे. जेथे भिक्षू नाहीत तेथे तिने वर्षावास करू नये. दर पंधरवड्याला उपोसथाची तिथी व उपदेश भिक्षुसंघाकडून मागून घ्यावा. वर्षावासानंतरची प्रवारणा दोन्ही संघांपुढे करावी. गंभीर दोष घडल्यास प्रायश्चित्तही दोन्ही संघांपुढे घ्यावे. दोन वर्षे शिकाऊ राहिल्यावर उपसंपदा दोन्ही संघांकडून घ्यावी. भिक्षूला कोणत्याही प्रकारे अपशब्द बोलू नये. आणि आठवा, भिक्षुणीने भिक्षूला उपदेश करावयाचा नाही. भिक्षूने भिक्षुणीला करावयास हरकत नाही.

पहिल्या नियमाला बाया हसल्या. हसण्यात राग होता. आठव्याला कुणी हसले नाही. मी उपमाही सांगितली, कारण अर्धे सांगणे मला पटत नाही. तेव्हा जिने प्रश्न विचारला होता तीच बाई म्हणाली, ‘ऊस लावायचा आम्ही, खुरपायचा आम्ही, बांधायचा आम्ही, आन् उसावरचा रोग बी आम्हीच व्हय?’ मुळेच्या पाण्यावर आणि उसावर ज्या तालुक्याचे पोट चालते तेथे या उपमेचा अर्थ पोथीपेक्षा लवकर कळतो.

प्रश्न असा की, हे नियम बुद्धाचे मानावयाचे काय? बाबासाहेबांनी या विषयाला दुसऱ्या ठिकाणी थेट हात घातला आहे. १९५० च्या जानेवारीत एका इंग्रजी स्त्री-साप्ताहिकातील लेखात भारतीय स्त्रीच्या अवनतीचे खापर बुद्धावर फोडण्यात आले होते. त्याला उत्तर म्हणून त्यांनी १९५१ साली कलकत्त्याच्या ‘महाबोधी’ मासिकात हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवरचा आपला प्रसिद्ध लेख लिहिला. स्त्रीकडे पाहूच नये असा उपदेश बुद्धाने आनंदाला केल्याचे महापरिनिब्बान सुत्तात येते. ते वचन मागाहून भिक्षूंनी घुसडलेले आहे, असे ते तेथे सप्रमाण सांगतात. सुत्ते शतकानुशतके तोंडी राहिली, ती सांभाळणारे भिक्षू होते, आणि विशाखा-आम्रपालीशी मोकळेपणाने वागणाऱ्या बुद्धाशी हे वचन जुळत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. ज्या समाजात स्त्रीला आणि शूद्राला संन्यासाचा अधिकारच नव्हता, तेथे बुद्धाने स्त्रीला प्रव्रज्या देऊन ज्ञानाचा मार्ग खुला केला, हा त्यांचा मुद्दा तर कुणालाही खोडता आलेला नाही. मनूला मोकळे सोडून बुद्धाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणाऱ्या वर्णवादी विद्वत्तेला ते चोख उत्तर होते.

परंतु भिक्षुणीसंघ भिक्षुसंघाच्या अधीन का ठेवला, या आक्षेपाला त्यांनी दिलेले उत्तर मला अपुरे वाटते. भिक्षुणी नवख्या होत्या, त्यांना शिक्षणाची गरज होती, शिकवू शकणारे भिक्षूच होते. म्हणून ही व्यवस्था केवळ व्यवहाराची, असे ते म्हणतात. शिकाऊ काळापुरते हे मान्य करता येईल. पण पहिल्या नियमाचे काय करावयाचे? शंभर वर्षे संघात काढलेली भिक्षुणी नवखी कशी? आणि आज मुंडण केलेला पोरगा तिचा शिक्षक कसा? तेथे शिक्षण संपते आणि पायरी सुरू होते. पायरी म्हणजे काय ते आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. वय, ज्ञान, चारित्र्य काहीही असो, जन्माने वरचा तो वरचा, हेच तर आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. तोच नियम चीवर घालून आला म्हणून त्याला वंदन करावे काय?

असे लिहिणे म्हणजे बाबासाहेबांना विरोध, असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. बुद्धवचन ओळखण्याची कसोटी त्यांनीच आपल्या हाती दिली आहे : जे बुद्धिसंगत आणि तर्कसंगत असेल तेच बुद्धाचे मानावे. महापरिनिब्बान सुत्तातील वचनाला त्यांनी ती लावली. ग्रंथ लिहिताना भाकीत वगळले आणि नियमांचा तपशील मौनात ठेवला, तेव्हाही ती कसोटी त्यांच्या मनात असली पाहिजे, असा माझा तर्क आहे. त्यांनी जेथे मौन पाळले तेथे बोलणे हे आपले काम आहे. ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला, हेही येथे लक्षात ठेवावे.

धर्मानंद कोसंबींनी तर हे काम मराठीतच करून ठेवले आहे. १९४०-४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी हे आठ नियम मागाहूनचे ठरविले. त्यांचा मुख्य आधार विनयाच्याच रीतीचा आहे. बुद्ध आधी नियम करीत नसत. काही दोष घडला, तक्रार आली, म्हणजे नियम होई. मग एकही भिक्षुणी अस्तित्वात नसताना आठ नियम तयार कसे? आणखी एक गोष्ट सरळ दिसते. उपसंपदा दोन्ही संघांकडून घ्यावी असे सांगणारा नियम भिक्षुणीसंघ आधीच उभा आहे असे गृहीत धरतो. पण कथेत तर तो अजून जन्मायचा आहे. ज्यांच्या हाती पाठांतर होते त्यांच्या सोयीचे हे नियम आहेत. पोथी कुणाच्या हाती आहे यावर पोथीत काय सापडते ते ठरते. स्मृतींच्या बाबतीत आपण हे ठणकावून सांगतो, तर पिटकांच्या बाबतीत अडखळण्याचे कारण नाही.

दोन संघांच्या अटीचा पुढे इतिहासात काय परिणाम झाला हे पाहण्यासारखे आहे. अशोकाची कन्या संघमित्रा हिने श्रीलंकेत भिक्षुणीसंघ रुजविला. तेथून भिक्षुणी चीनला गेल्या आणि इसवी सनाच्या पाचव्या शतकात त्यांनी तेथील स्त्रियांना उपसंपदा दिली. श्रीलंकेतला संघ अकराव्या शतकाच्या सुमारास, चोळांच्या आक्रमणांच्या धामधुमीत, नष्ट झाला. भिक्षुसंघही मोडला होता. पण ब्रह्मदेशातून भिक्षू आणून त्याची परंपरा पुन्हा जोडण्यात आली. भिक्षुणींची मात्र जोडली गेली नाही. कारण काय, तर उपसंपदा द्यायला भिक्षुणीच उरल्या नाहीत, आणि दोन्ही संघ असल्याशिवाय उपसंपदा नाही! आधी दार लावून घ्यावयाचे आणि मग किल्ली आतच राहिली म्हणून हळहळावयाचे, असा हा न्याय नऊशे वर्षे चालला. थायलंडमध्ये १९२८ साली संघराजाच्या आदेशाने स्त्रियांना दीक्षा देण्यास भिक्षूंना मनाई झाली. शेवटी १९९६ च्या डिसेंबरात सारनाथला दहा श्रीलंकन स्त्रियांना कोरियन भिक्षुणींच्या साहाय्याने उपसंपदा देण्यात आली आणि १९९८ साली बोधगयेला मोठा उपसंपदा-विधी झाला. श्रीलंकेतून चीनला गेलेली परंपरा अशी फिरून परत आली. २०२२ साली भूतानमध्ये १४४ स्त्रियांना पूर्ण दीक्षा मिळाली. तरीही परंपरा तुटली ती तुटलीच, असे म्हणणारे महास्थविर आजही आहेत.

त्यांचे ते पाहून घेतील. आपल्याला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार १४ ऑक्टोबर १९५६ ला संपला. त्या दिवशी नागपुरात बाबासाहेबांनी व माईसाहेबांनी महास्थविर चंद्रमणींकडून दीक्षा घेतली. आणि मग जमलेल्या लाखो स्त्री-पुरुषांना दीक्षा दिली ती स्वतः बाबासाहेबांनी. ते भिक्षू नव्हते. परंपरेचा दाखला कुणी मागितला नाही. संघात न जाणाऱ्या उपासकांसाठी दीक्षेचा विधीच नव्हता, ही धम्मातील मोठी उणीव होती आणि भारतातून धम्म नाहीसा होण्याचे ते एक कारण होते, असे त्यांनी आपल्या ग्रंथात लिहिले आहे. ती उणीव त्यांनी स्वतः भरून काढली. त्या मैदानावर बायका वेगळ्या रांगेत वेगळी शपथ घेत नव्हत्या. बावीस प्रतिज्ञा सर्वांना सारख्याच होत्या. महाराष्ट्रात १९७९ पासून काम करणाऱ्या त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाने धम्मचारी आणि धम्मचारिणी यांना एकाच प्रकारची दीक्षा ठेवली आहे. त्या संघटनेविषयी इतर मतभेद असू शकतात, मलाही आहेत. पण या एका बाबतीत तिने आपल्या गावोगावच्या समित्यांना मागे टाकले आहे.

आणि आपल्या समित्यांचे काय? चीवर ही दूरची गोष्ट झाली. मी राहुरी, नेवासे, श्रीरामपूर भागातील अनेक विहारांतून गेले आहे. झाडलोट बायांची, खीर बायांची, पौर्णिमेची वर्गणी बायांनी फिरून गोळा केलेली. आणि त्रिशरण-पंचशील देणारा पुरुष, लग्न लावणारा पुरुष, भाषण करणारा पुरुष. माझ्या आईला सही येत नाही. वंदना मात्र तिला सबंध पाठ आहे, अगदी पालीतून, आणि तिचे उच्चार माझ्यापेक्षा स्वच्छ आहेत. पुढे बसून ती कधी म्हणाली नाही. तिला कुणी बसविले नाही आणि तिनेही मागितले नाही. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, महाविद्यालयात शिकवते म्हणून आता मला मंचावर बोलावतात. पण तेथे माझे काम बहुधा आभारप्रदर्शनाचे असते. आठवा गुरुधर्म आपल्याकडे कुणी वाचलेला नाही, तरी तो काटेकोरपणे पाळला जातो.

यावर आमचे कार्यकर्ते मित्र दोन उत्तरे देतात. एक, आधी जातीचा प्रश्न, घरातले भांडण नंतर. हे उत्तर फार जुने आहे. आधी स्वराज्य मग सुधारणा, असे म्हणणाऱ्यांना आपणच काय सुनावले होते ते आठवावे. दुसरे उत्तर जास्त विचार करण्याजोगे आहे. भिक्षूंचाच काय उपयोग झाला की आता भिक्षुणी हव्यात? बाबासाहेबांनीही ग्रंथाच्या परिचयात भिक्षूविषयी प्रश्न उभा केला आहे : तो केवळ परिपूर्ण माणूस व्हावयाचा, की समाजसेवक? समाजसेवक असेल तरच त्याच्यापासून धम्माला आशा, असा त्यांचा रोख आहे. पण मग ही कसोटी लावल्यावर स्त्रीला नाकारण्याचे उरलेसुरले कारणही संपते. सेवेला कोणते लिंग लागते? वस्तीवर दारू बंद करण्यासाठी, पोरींची शाळा सुटू नये म्हणून घरोघर जाणारी माणसे कोण आहेत, हे कार्यकर्त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

महाराष्ट्राच्या मातीला भिक्षुणी नवीन नाहीत. जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात नगरातल्या धम्मुत्तरीय पंथाच्या भिक्षुणी-उपाश्रयाचा उल्लेख आहे. कोकणात कुडे येथील लेण्यात पदुमणिका नावाच्या प्रव्रजितेने लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचे कोरलेले आहे. ती स्वतःची ओळख सांगते ती अशी : प्रव्रजिता नागणिकेची मुलगी, दोघा भदंतांची भाची; आणि दानात तिच्यासोबत तिच्या दोन शिष्या आहेत, बोधी आणि असाळ्हमिता. आई प्रव्रजिता, मुलगी प्रव्रजिता, मुलीच्या हाताखाली शिष्या. नवऱ्याचे नाव नाही, बापाचे नाव नाही. तिला दान देण्याइतके स्वातंत्र्य होते आणि ते दगडावर लिहून ठेवण्याइतका मान होता. सहलीला जाऊन लेण्यांसमोर फोटो काढणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हे लेख कुणी वाचून दाखवीत नाही.

शेवटी आपल्या साहित्याविषयी. आपल्या कवितेत यशोधरा पुष्कळदा येते. हिरा बनसोडे यांची यशोधरेवरची कविता महत्त्वाची आहे. इतिहासाने जिच्याकडे पाठ फिरविली तिच्या दुःखाला तिने जागा दिली. पण ती यशोधरा अखेरपर्यंत सिद्धार्थाची पत्नीच राहते. सातव्या भागातली यशोधरा त्याच्या पुढे गेली आहे, तिने संघात प्रवेश केला आहे, तिचे नावही बदलले आहे. त्या भद्दा कच्चानेपर्यंत आपली कविता पोचलेली माझ्या पाहण्यात नाही. प्रकृतीचे तसेच. रवींद्रनाथांनी १९३३ साली ‘चंडालिका’ लिहिल्यापासून ती मुख्यतः आनंदावर भाळलेली मुलगी म्हणून रंगभूमीवर वावरते. तिचे चीवर कुणाला दिसत नाही. दलित स्त्रीची आत्मकथने आली, बेबीताई कांबळे आणि शांताबाई कांबळे यांनी १९८६ मध्ये आपल्याला हलवून सोडले. त्या आत्मकथनांची पूर्वपरंपरा शोधताना आपले समीक्षक संतकवयित्रींपर्यंत जातात आणि थांबतात. थेरीगाथेपर्यंत जात नाहीत.

तेथे पुण्णा आहे. अनाथपिंडिकाच्या घरच्या दासीची मुलगी, स्वतःही दासी. मालकिणीच्या माराच्या आणि शिव्यांच्या धाकाने ती कडाक्याच्या थंडीत नदीवर पाणी भरावयास उतरते. शेजारी एक ब्राह्मण पाप धुण्यासाठी कुडकुडत बुडी मारतो आहे. पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक आणि कासवे आधी स्वर्गाला गेली असती, आणि नदी पापाबरोबर पुण्यही वाहून नेईल त्याचे काय, असे ती त्याला विचारते. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाचे वारस म्हणविणाऱ्या साहित्याला पाणवठ्यावरची ही बाई सापडू नये, याचे मला नवल वाटते. गेल्या वर्षी मी ही कथा वर्गात सांगितली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की, पुण्णा ब्राह्मणाला असे बोलली ती भिक्षुणी झाल्यावर की आधी? अट्ठकथेप्रमाणे ती तेव्हा दासीच होती. ब्राह्मण निरुत्तर होऊन बुद्धाला शरण गेला, हे कळल्यावर अनाथपिंडिकाने तिला दासीपणातून मोकळे केले. संघात ती त्याच्यानंतर गेली.